मदत हवी आहे: एकच फुफ्फुस चालू असताना पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) कसा ठरवता?

भूलतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो, छातीच्या शस्त्रक्रियेत एकच फुफ्फुस चालवताना मी टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला दिली जाणारी हवा) किलोमागे ४ ते ६ मिली ठेवते, तेही उंचीवरून काढलेल्या वजनाप्रमाणे. प्रत्यक्ष वजन धरलं तर स्थूल रुग्णाच्या फुफ्फुसात नको तेवढी हवा जाते. इथपर्यंत शंका नाही.

अडतं ते पीपवर. कमी ठेवला तर कुशीवर झोपवलेल्या रुग्णाचं खालचं, चालू फुफ्फुस मिटतं. फार वाढवला तर रक्त वरच्या, बंद फुफ्फुसाकडे वळतं आणि ऑक्सिजन उलट घसरतो. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) रुग्णात तर हवा आधीच अडकलेली असते, तिथे मला खरी काळजी वाटते.

तुम्ही सरसकट ५ सेंमी पाणी इतका पीप लावता, की ड्रायव्हिंग प्रेशर (श्वास भरल्यावरचा स्थिर दाब वजा पीप) सर्वांत कमी येईल तिथे थांबता? रिक्रूटमेंट (मिटलेला फुफ्फुसाचा भाग थोडा वेळ जास्त दाब देऊन उघडणं) करताना रक्तदाब पडला तर काय करता? कृपया अनुभवातून सांगा.