मुलगा गावी राहायला आला तर आईचे श्रावणबाळचे पैसे बंद होतात का?

प्रश्न (चिपळूण)

माझी आई ६८ वर्षांची असून राजापूर तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते. तिला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि तिचे रेशनकार्ड अंत्योदयचे आहे. धाकटा भाऊ वसईला नोकरीला होता. कारखाना बंद पडल्यामुळे तो बायको-मुलीसह कायमचा गावी आला असून रिक्षा घेऊन धंदा करण्याच्या विचारात आहे. मात्र कमावता मुलगा घरात आला की म्हातारीचे पैसे थांबतात, असे वाडीतल्या कोणीतरी आईच्या मनात भरवले आहे. तेव्हापासून ती इतकी धास्तावली आहे की अंगणात पोस्टमन दिसला तरी भावाला मागच्या पडवीत जायला सांगते. एका घरात राहिल्याने खरोखरच पैसे बंद होतात का, आणि भावाचे नाव आईच्या कार्डात घालावे की नाही, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (लांजा)

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कार्यालयात हे प्रकरण कसे पाहिले जाते ते सांगतो. मुलगा घरात राहतो एवढ्याच कारणावरून कोणाचे पैसे बंद होत नाहीत. या योजनेसाठी वय ६५ पूर्ण असावे लागते, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर लाभाचा गट बदलतो आणि केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचा वाटा त्यात धरला जातो. आपल्या प्रकरणातील अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे, कारण ते उत्पन्न एकट्या आईचे नसून कुटुंबाचे मोजले जाते.

ही मर्यादा किती तोकडी आहे पाहा. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने एखाद्याने वर्षात ६८ दिवस माती उपसली तरी तो मर्यादेच्या बाहेर जातो. मग रिक्षावाल्याचे उत्पन्न त्यात बसणार कसे? म्हणून ताई, आपल्याला खरे तेच सांगतो. भाऊ नुसता येऊन राहिला आहे तोवर काहीही बदललेले नाही. धंदा सुरू झाला, सगळ्यांची चूल एकच राहिली आणि उत्पन्नाचा दाखला नव्याने काढायची वेळ आली, की तलाठ्याच्या चौकशीत त्याची कमाई धरली जाण्याची दाट शक्यता आहे. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावाच लागतो, आणि पडताळणीत या गोष्टी उघड होतात.

उत्तर (गुहागर)

रेशनकार्डाविषयी लिहिते. अंत्योदय कार्डावर माणशी नव्हे, तर कार्डामागे महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. घरात एक माणूस असो की चार, आकडा तोच राहतो. त्यामुळे भावाच्या कुटुंबाची तीन नावे आईच्या कार्डात घातल्याने धान्य एका दाण्याने वाढणार नाही, उलट कमावत्या माणसाचे नाव आल्यामुळे ते कार्डच तपासणीत येईल. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर मात्र माणशी पाच किलो मिळतात, म्हणून तिथे नाव वाढवण्याला अर्थ असतो.

भावाचे वसईचे कार्ड प्राधान्य गटातले असेल तर ते रद्द करण्याची घाई करू नये. आधार जोडलेले असल्यास त्याच कार्डावर गावच्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येते. कार्ड साधे केशरी असेल तर धान्याचा प्रश्नच नाही. पत्ता सवडीने बदलावा, पण कार्ड स्वतंत्रच ठेवावे.

उत्तर (सावंतवाडी)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र त्यापुढची पायरी बरेच लोक चुकीची टाकतात, म्हणून सावध करतो. कार्ड वेगळे आहे एवढ्यावर "आम्ही विभक्त आहोत" असे प्रतिज्ञापत्र करून देणे, आणि प्रत्यक्षात एकाच चुलीवर जेवणे, हे करू नये. आपल्याकडच्या वाडीत कोणाच्या घरात कोण जेवतो हे लपत नाही, आणि तक्रार बहुधा भाऊबंदांपैकीच कोणीतरी करतो. भाऊ खरोखर पडवीत किंवा मागच्या खोलीत वेगळा संसार मांडणार असेल तर तसे लिहून द्यावे. घरपट्टी त्या भागापुरती वेगळी लावून घेता आली तर तेही करावे.

दुसरे म्हणजे रिक्षा, तिचे कर्ज आणि भावाचे बँकेतले व्यवहार यांपैकी काहीही आईच्या नावावर किंवा तिच्या खात्यातून करू नये. सातबाराही एकदा पाहून घ्यावा. सामाईक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असणे कोकणात नवे नाही, आणि आंब्याची कलमे किंवा काजूची बाग कोणी खंडाने दिली असेल तर आईच्या हाती त्यातले काहीच येत नसतानाही कागदावर तिचा हिस्सा दिसतो. चौकशीच्या वेळी ती बाग कोण राखतो आणि पैसे कोण घेतो, हे तलाठ्यासमोर स्पष्ट सांगावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. भावजयीला लाडकी बहीणचे पैसे मिळतात आणि आईला पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये येतात. एकत्र राहिल्याने त्यांच्यावरही परिणाम होईल का?

उत्तर (लांजा)

पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले; सज्ञान मुलगा त्यात येत नाही, त्यामुळे आईचा तो हप्ता निर्धास्त आहे. लाडकी बहीण योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले धरतात. म्हणजे भावजयीचे कुटुंब तिचा नवरा आणि मुलगी एवढेच, सासू त्यात नाही. तिथे अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी नसण्याची अट आहे. रिक्षा तीनचाकी असल्याने अडचण नाही, पण भावाच्या मनात पुढे टेम्पो घेण्याचे असेल तर हे आधीच ठाऊक असलेले बरे. आईला ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मान वय वंदना कार्ड अवश्य काढून घ्यावे; त्याला उत्पन्नाची अटच नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते.

आता थोडे नियमांबाहेरचे बोलतो. भावाची रिक्षा नीट चालली आणि आईचे १,५०० गेले, तरी त्यात घराचे नुकसान नाही, कारण दुखण्याखुपण्याला धावणारे माणूस घरात आलेले असेल. पैसे गेले तर तेवढी रक्कम आईच्या हातात दरमहा रोख देण्याचे भावाकडून आताच कबूल करून घ्यावे, कारण या पैशांत तिला सर्वांत प्रिय काय असेल तर कोणापुढे हात न पसरता औषधे आणि पानसुपारी आणता येणे. आणि त्याला पडवीत लपवणे आजच थांबवावे. पोस्टमनला असला अहवाल देण्याचे काम कोणीही सांगितलेले नाही.