मदत हवी आहे: आई कणकवलीजवळ, उद्याची कोकणकन्या मिरजेवरून वळवली तर काय करायचं?

मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

माझी आई (वय ७१) कणकवलीपासून १४ किलोमीटर आत आमच्या वाडीत आहे. गुरुवारी सकाळी डोंबिवलीत तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ही तारीख हुकली तर पुढची ऐन गणपतीत. गणपती सोडून आई ऑपरेशनला येईल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने माझ्या आईला पाहिलेलं नाही.

उद्याच्या, मंगळवारच्या कोकणकन्येचं तिचं तिकीट आहे, काउंटरवरून काढलेलं. आज दुपारपासून खेडच्या अलीकडे रुळावर माती आलीय आणि गाड्या मडगाव-लोंढा-मिरज-पुणे अशा वळवताहेत. तसं झालं तर गाडी कणकवलीला येणारच नाही.

दुसरी भानगड घरापाशीच. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाणंद आहे, मध्ये व्हाळ (ओढा), त्यावर साकव (छोटा पूल). काल सकाळपासून साकवावरून पाणी जातंय, रिक्षा देवळाच्या पुढे येत नाही. आईला फोन केला तर म्हणते, "व्हाळ उतारलो की येतंय, घाई कित्याक?"

भाऊ म्हणतो, गाडी करून तिला घाटावर कोल्हापूरला आणू आणि तिथून रेल्वेने कल्याणला. मला धाकधूक वाटतेय. तर विचारायचं असं की रुळावरची माती काढायला साधारण किती वेळ जातो? कोल्हापूरमार्गे आणायचं तर कुठल्या घाटाने? आणि तिकिटाचे पैसे कसे मिळतात? पैशांचं नंतर बघता येईल, आधी आईचं सांगा.

प्रतिसाद १

ताई, घाई करू नका. जुलै २०२४ मध्ये लागोपाठ दोन प्रसंग झाले होते. आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी, मग १४ तारखेला संध्याकाळी खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड. त्या दरडीनंतर मार्ग खुला व्हायला साधारण एक दिवस लागला होता. मी तेव्हा रत्नागिरी स्टेशनवर बसून होतो, त्यामुळे तास मोजलेत. माती उपसून झाली तरी पहिल्या गाड्या त्या जागेवरून अगदी हळू सोडतात. पाऊस फार असला तर एरवीही ताशी ४० किलोमीटरच्या वर नेत नाहीत. तेव्हा 'मार्ग सुरू' ही बातमी आली म्हणजे गाडी वेळेवर आली, असं धरू नका.

मंगळवारची गाडी वळवलीच तर बुधवारची मांडवी बघा. दिवसाची गाडी आहे, रात्रीपर्यंत ठाण्याला उतरवते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरी, म्हणजे जमण्यासारखं आहे.

प्रतिसाद २

मी कोल्हापूरचा, म्हणून कळकळीने सांगतो: आईंना इकडे आणू नका. कोकणातलं पाणी उताराचं, तासाभरात चढतं आणि पाऊस थांबला की तसंच ओसरतं. आमची पंचगंगा एकदा पसरली की चार-चार दिवस हलत नाही. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली जातो. आंबोलीवरून आजरा-गडहिंग्लज-संकेश्वर असं येता येतं, पण हायवेच शिरोलीजवळ बंद झाला तर पुढे काय? २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा तो बंद झाला होता. यायचंच ठरलं तर आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. चाळिशीच्या आसपास असेल तर गाडी फिरवा.

आणि भावाला आठवण करून द्या, २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात अडकली होती ती कोल्हापूरचीच महालक्ष्मी एक्सप्रेस. हजाराच्या वर माणसं होती आत, बोटींनी काढली. वाट बदलली म्हणून पाऊस बदलत नाही हो.

प्रतिसाद ३

घाट आणि गाडी राहू दे, आधी व्हाळ. आमच्याकडेही असाच साकव आहे. उघडीप मिळून पाणी साकवाच्या खाली गेलं की दिवसाउजेडीच आईंना बाहेर काढा आणि कणकवलीत कोणाकडे तरी मुक्कामाला ठेवा. गाडीच्या वेळेवर निघू म्हणाल तर नेमका तेव्हाच व्हाळ भरतो. पाणी वरून जात असताना मात्र कोणी कितीही सवयीचा असला तरी हात धरून पलीकडे न्यायचं नाही. साकवाची एखादी फळी वाहून गेलेली असते आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाही.

तिकिटाचं: काउंटरचं असेल तर पैसे आपोआप येत नाहीत. गाडी रद्द झाली तर सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून ३ दिवसांच्या आत आरक्षण खिडकीवर तिकीट द्यायचं, पूर्ण पैसे मिळतात. वळवल्यामुळे गाडी तुमच्या स्टेशनला आलीच नाही, तरी पूर्ण परतावा आहे. खिडकीवर रोख न देता टीडीआर, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती, दिली तर ती जपा, पुढचा अर्ज तिच्यावरच होतो. गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचंच नसेल, तर मात्र ती प्रत्यक्ष सुटायच्या आत तिकीट परत करावं लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कोल्हापूर रद्द, भाऊही गप्प झालाय. दुपारी तासभर उघडलं तेवढ्यात पाणी साकवाच्या खाली गेलं आणि शेजारच्या काकांनी आईला देवळापर्यंत सोडलं. आता ती कणकवलीत मावशीकडे आहे. फोनवर म्हणाली, "सांगितलंय मा, उतारतलो म्हणान!" मांडवीचं बुधवारचं तिकीट काढतेय, वेटिंग ११ दाखवतंय.

एकच राहिलं. कोकणकन्येचं मूळ तिकीट आईच्या पाकिटात आहे. त्याचा फोटो मागवून मी इथे डोंबिवलीच्या खिडकीवर गेले तर चालेल का?

प्रतिसाद ३

नाही चालणार, मूळ तिकीटच लागतं. त्या येतील तेव्हा बरोबर आणायला सांगा. मंगळवारपासून ३ दिवस म्हणजे शुक्रवारपर्यंत वेळ आहे. आणि मावशींना सांगून ते पाकीट आजच प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लावा.