फायटर आणला, पण... (आमच्या फॅमिली ग्रुपवरून)

पायल: काल भंडाऱ्यात एका दुकानातून फायटर मासा आणला. चहाच्या डिस्पोजल ग्लासात ठेवला होता जी, पाणी पिवळं, शेपटीच्या चिंध्या, वर येऊन येऊन हवा गिळे. मले पाहवलंच नाई, ८० रुपये देले अन् उचलला

बंटी: हवा गिळणं नॉर्मल आहे ताई. फायटरले कल्ल्यांसोबत हवेतून श्वास घ्यायचा वेगळा अवयव असते, म्हणून तर ग्लासातही तग धरते अन् म्हणूनच दुकानवाले त्याले तसे ठेवतेत. पण तू ८० देले ना, आज त्या जागी दुसरा ग्लास ठेवला असन त्यानं

मोठी काकी: पोरीनं दया केली, त्यात काय वाईट

बंटी: सडका टमाटर कोणी घेतला तर भाजीवाला उद्या चांगला काऊन आणन काकी. मीही मागच्या साली असेच बिमार गोल्डफिश आणले, दोनदा. तिसऱ्यांदा गेलो तर दुकानदार म्हणते, भाऊ, तुमच्यासाठीच ठेवला हा बिमारवाला 😐 तवा कळलं आपण काय करून रायलो ते

पायल: मग मरू द्याचा होता का?

बंटी: तसं नाई म्हणत गा. त्याले बोलाचं होतं. १९६० चा प्राणी क्रूरतेचा कायदा आहे, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव, मासाही आला

पायल: बोलली ना. म्हणे, घ्या नाई तर निघा, गिऱ्हाईक आहे मागं

मामाजी: मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) सोडून दे, मोकळा राहीन

काकाजी: अजिबात नको. मच्छीमार सोसायटीनं आत्ताच तिथं बोटुकली (माशाची पिल्लं) टाकली आहे, दुकानातला रोग तिले लागला तर मासे धरणाऱ्या ढीवरायचं सालभराचं पोट गेलं. अन् त्या सकरमाऊथ माशासारखं झालं तर? लोकायनं घरचे सोडले, आता जाळ्यात काटे अडकवून जाळीच फाडते तो

बंटी: अन् थंडीचं काय मामाजी, फायटरले २५-२६ डिग्री लागते, इथं रात्री आपणच गोधडीतून निघत नाई. ताई, कमीत कमी १५-२० लिटरचं भांडं पाय, नळाचं पाणी क्लोरीनवालं, एक दिवस उघडं ठेव. रोज सगळं पाणी बदलू नको, थोडं थोडं बदल

पायल: काकी, तुमच्या कूलरची टाकी रिकामी आहे का?

बंटी: पत्र्याची नको!! जस्त उतरते पाण्यात

मोठी काकी: प्लास्टिकची आहे बाई, पण त्यात लसूण भरला आहे. काढतो, संध्याकाळी ये. अन् काकाजी झिंगे आणून रायले, तुह्या त्या पाहुण्याले सांगजो नको 😄