मदत हवी आहे: बांध फोडला की रात्रीत परत उभा

मृण्मयी_के
तीन आठवडे हेच चाललंय. सकाळी फावड्याने भगदाड पाडते, दुसऱ्या दिवशी चिखल-काटक्यांनी लिंपलेलं! अर्धं परसदार पाण्यात. काल लेकीच्या बारशाला लावलेलं सफरचंद आडवं केलं. बुंध्याला पेन्सिलीसारखं टोक, भोवती ढलप्यांचा सडा. रडू आलं. यांना थांबवायचं कसं?

सह्याद्रीकर
यांना म्हणजे कोणाला?

मृण्मयी_के
बीव्हर हो! ओढ्यावर.

दापोलीचा_दादा
आमच्या खाडीत पाणमांजरं आहेत. मासे मिळाले नाहीत की आपोआप जातात. तळ्यात मासे सोडू नका.

विदुला
दादा, पाणमांजर वेगळं. बीव्हर उंदीर-खारींच्या गणातला, मासे खातच नाही. सालीखालचा कोवळा थर, पानं, पाणवनस्पती हे त्याचं खाणं. मृण्मयी, राहता कुठे? ओढा तुमच्या हद्दीत आहे का?

मृण्मयी_के
मॅसॅच्युसेट्स. घरामागून वाहतो. हद्द बघावी लागेल.

विदुला
मग आधी फावडं खाली ठेवा! तिथे परवानगीशिवाय बांध फोडता येत नाही. पकडून दुसरीकडे सोडणंही बेकायदा. गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे विचारा.

ओंटारियोचे_अप्पा
परवाना असलेला सापळेवाला बोलवा, विषय संपला. आम्ही तेच केलं.

निखिल_व्ही
अप्पा, संपत नाही. साधारण दोन वर्षांची झाली की पिल्लं घर सोडून नवा ओढा शोधतात, रिकामी जागा भरतेच. आमच्याकडे दोनदा भरली. खरी गोम आवाजात आहे. स्वीडनच्या लार्स विल्सन यांनी स्पीकरवर वाहत्या पाण्याचा आवाज लावला, तर बीव्हरांनी त्यावरच काटक्या रचल्या. भगदाडातून खळखळ ऐकू आली की ते बुजवणारच. म्हणून बांधातून जाड पाइप घालतात. वरच्या अंगाचं तोंड खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात. पाणी गुपचूप निघतं, तळं ठरलेल्या पातळीवर राहतं.

ओंटारियोचे_अप्पा
पाइप तुंबतो.

निखिल_व्ही
जाळी मधूनमधून साफ करावी लागते, मान्य. पण पिल्लांची आई मारण्यापेक्षा ते बरं.

कुतूहल
१९४८ मध्ये आयडाहोत ७६ बीव्हर लाकडी पेट्यांत घालून पॅराशूटने डोंगरात उतरवले होते!

मृण्मयी_के
पॅराशूट नको, उरलेली झाडं वाचवायची आहेत.

विदुला
बुंध्याभोवती जाड तारेची जाळी लावा, सालीपासून वीतभर लांब, छातीइतकी उंच. बर्फ साचला की ते त्यावर उभे राहून वरचं कुरतडतात, म्हणून उंची महत्त्वाची. हिवाळ्यात ते झोपून राहत नाहीत. शरद ऋतूत घराजवळ पाण्याखाली फांद्यांचा साठा करतात, तोडीचा जोर तेव्हाच असतो. जाळी याच आठवड्यात लावा.

मृण्मयी_के
आज तिन्हीसांजेला काठावर उभी होते. एकाने मला पाहिलं, शेपटी पाण्यावर फाडकन आपटली, मागची दोन पिल्लं दिसेनाशी झाली. लेक म्हणते, त्यांना काही करायचं नाही. जाळी आणली. पण नकाशा पाहिला, बांध शेजाऱ्यांच्या हद्दीत आहे. मग पाइपची परवानगी मागायची कोणी, त्यांनी की मी?