ट्रॅक ०१, ट्रॅक ०२... शेकडो एमपीथ्रीची नावं एकदम कशी बदलायची?

गानवेडा_ठाणे:
मंडळी मदत हवीय. बाबांनी २००५-०६ च्या सुमारास घरातल्या सगळ्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, तेव्हा घरी नेट नव्हतं त्यामुळे फायलींची नावं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशीच राहिली. फोल्डरला तेवढं नाव आहे, म्हणजे "नाट्यगीते २", "अभंग", "आशा जुनी" असलं काहीतरी. नव्वदेक फोल्डर आहेत. मी ऐकून ऐकून नावं टाईप करायला बसलो, दोन रविवारात सहा फोल्डर झाले, बायको म्हणाली बाकीचं रिटायर झाल्यावर करा. नेटवरून अल्बमची माहिती घेऊन आपोआप नावं देणारं सॉफ्टवेअर असतं म्हणे, मराठी गाण्यांना चालतं का ते? विंडोज १० आहे. सीड्या बऱ्याच घासल्या गेल्यात पण कव्हरं आईने फरसाणाच्या डब्यात जपून ठेवलीत.

बिटरेट_बंडू:
म्युझिकब्रेन्झ पिकार्ड टाका, फुकट आहे. त्यात स्कॅन म्हणून बटण आहे, ते फाईलचं नाव बघतच नाही, गाण्याच्या सुरुवातीच्या दोनेक मिनिटांवरून आवाजाचा ठसा काढतं आणि अकूस्टआयडी नावाच्या ठशांच्या साठ्यात शोधतं. सापडलं की अल्बम, गायक, ट्रॅक नंबर सगळं भरतं. फक्त ऑप्शन्समध्ये रिनेम फाइल्सवर टिक करा, नाहीतर आतले टॅग (फाईलमध्येच साठवलेली गाण्याची माहिती) बदलतात आणि बाहेर ट्रॅक ०१ तसाच, मी अर्धा दिवस यात घालवलाय. आणि आधी सगळ्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, हे हात जोडून सांगतो.

जुनाट_कॅसेट:
बंडू बरोबर बोलतोय पण नव्वद फोल्डर एकदम स्कॅनला लावू नका हो. एकच गाणं मूळ रेकॉर्डवर असतं आणि वर दहा "सदाबहार" टाईप संग्रहांमध्येही असतं, पिकार्ड यातला कुठलाही उचलतो आणि तुमच्या आठ गाण्यांच्या फोल्डरची पाच अल्बममध्ये वाटणी करतो. एकेक फोल्डर घ्या, उजवीकडे बरोबर अल्बम उघडा आणि फायली त्याच्यावर ओढून टाका.

दुसरं म्हणजे म्युझिकब्रेन्झ, म्हणजे पिकार्ड माहिती घेतो तो साठा, लोकांनीच भरलेला आहे, विकिपीडियासारखा. हिंदी सिनेमाचं बरंच सापडतं, मराठी नाट्यगीतं नि अभंग म्हणाल तर नशीब. ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं सहसा नसतातच, जुने प्रोग्रॅम गाण्यांच्या लांबीच्या क्रमावरून सीडी ओळखायचे. त्यासाठीचा सीड्यांच्या माहितीचा साठा फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडला, त्याचा डेटा आता जीएनयूडीबी या साइटवर आहे. पण लांबीचा हिशोब कधी भलत्याच सीडीशी जुळतो, माझ्या एका गझलांच्या सीडीला कुठल्यातरी परदेशी रॉक बँडच्या गाण्यांची नावं आली होती 😄

तुमच्याकडे कव्हरं आहेत ना, मग खरं सोनं तेच. एमपीथ्रीटॅग हा टॅग भरायचा प्रोग्रॅम घ्या. कव्हरवरची नावं नोटपॅडमध्ये एका ओळीत एक अशी टाईप करा, यूटीएफ-८ मध्ये (म्हणजे देवनागरी नीट राहते) सेव्ह करा, फोल्डर उघडून सगळ्या फायली सिलेक्ट करा, कन्व्हर्ट मेनूतून टेक्स्ट फाईल ते टॅग करा, मग टॅग ते फाईलनेम. पाच मिनिटांत एक अल्बम. मात्र एक ओळ जरी सुटली की पुढची सगळी गाणी एक घर सरकतात, म्हणून पहिलं, मधलं आणि शेवटचं वाजवून बघायचं. चुकलं तर कंट्रोल झेड आहेच.

घाटातला_ड्रायव्हर:
पेनड्राईव्हवर टाकून गाडीत ऐकणार असाल तर ट्रॅक नंबर दोन आकडी ठेवा, ०१, ०२ असा, नाहीतर १ नंतर थेट १० वाजतं. माझ्या जुन्या स्टिरिओवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, टॅगमध्ये रोमन लिपीत नाव टाकलं तेव्हा सुटलं. घरच्या कॉपीत देवनागरीच ठेवा, गाडीपुरती वेगळी कॉपी करा. आणि गाण्याच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा तिरकी रेघ असेल तर विंडोज फाईलच्या नावात घेत नाही.

गानवेडा_ठाणे:
आज बसलो. हिंदीचे सतरा फोल्डर पिकार्डने धडाधड ओळखले, नाट्यगीतांत एकही नाही, मग कव्हरं काढली. आईला वाचायला बसवलं आणि मी टाईप केलं, ती प्रत्येक नाव वाचून आधी दोन ओळी गुणगुणणार आणि मगच पुढचं सांगणार, त्यामुळे चारच अल्बम झाले 😅 एक शंका, नाट्यगीतात आर्टिस्टच्या खान्यात गायक टाकायचा की संगीतकार?

जुनाट_कॅसेट:
गायक. संगीतकाराला कम्पोझर असा वेगळा खाना आहे. आणि गायकाचं नाव सगळीकडे एकसारखं लिहा, एकदा "पं. भीमसेन जोशी" आणि एकदा नुसतं "भीमसेन जोशी" केलंत की प्लेयर त्यांना दोन माणसं समजतो. वेळ मिळाला तर हेच ट्रॅक म्युझिकब्रेन्झवरही चढवा, खातं फुकट आहे, पुढच्याच्या आईला वाचावं लागणार नाही.

गानवेडा_ठाणे:
चढवतो. आईला मात्र सांगत नाहीये, उरलेले अल्बम तिलाच वाचायचेत.