डेव्हिल फ्रूटच्या नावांतले जोक कोणी समजावेल का?

ऐरोलीचा_नाकामा
ठाणे-वाशी लोकलमध्ये वन पीस, म्हणजे ओदाची जपानी कॉमिक (मांगा), वाचतोय, इंग्लिशमधून. सगळे म्हणतात त्यातल्या डेव्हिल फ्रूटच्या, म्हणजे खाल्लं की पॉवर देणाऱ्या फळांच्या, नावांमध्ये जोक आहेत आणि ट्रान्सलेशनमध्ये मेले. हिरो लुफीच्या गोमू गोमू फळातलं गोमू म्हणजे रबर एवढं कळलं, पण नाव दोनदा का घेतात? आणि हे फक्त ओदाचं खूळ आहे का सगळेच करतात?

कोपरी_झोरो
अरे दोनदा म्हणजे आपण धगधग, गडगड, लखलख म्हणतो ना तसंच. मेरा मेरा म्हणजे आग भडकणं, गोरो गोरो ढगांचा गडगडाट, पिका पिका लखलखाट. इंग्लिशमध्ये फ्लेम फ्लेम केलं की बालवाडीतलं गाणं वाटतं, मराठीत 'धगधग फळ' मस्त बसतं. बगी नावाच्या पायरेटचं बारा बारा म्हणजे सगळं सुटं सुटं होणं, त्याचे तुकडेच होतात, म्हणजे गडी खरोखर बाराच्या भावात जातो. आणि व्हिलन क्रोकोडाइलचं सुना सुना, सुना म्हणजे वाळू, पण त्याने अलाबास्ता या वाळवंटी देशाचा पाऊस पळवून जे केलं ते बघता आपलं सुनं सुनं पण चालेल. गोमू गोमूला मात्र हात लावू नका, चेंदणी कोळीवाड्यात लोक नाचायला लागतील.

पामबीच_सेन्सेई
हे श्लेष नाहीत रे, नुसते आवाजाचे शब्द आहेत. श्लेष बघायचा तर वन पीसमधल्याच तलवारबाज झोरोचा ओनिगिरी नावाचा वार बघ. ओनी म्हणजे राक्षस, गिरी म्हणजे कापणं, आणि ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा पण. माणूस तीन तलवारी घेऊन डब्यातल्या भाताचं नाव ओरडतोय आणि समोरचा आडवा.
पण माझ्या मते सगळ्यात भारी तोगाशी, हंटर हंटर मांगावाला. जपानीत कांजीच्या, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या चिनी अक्षरांच्या, बाजूला उच्चाराची बारीक अक्षरं छापतात, फुरिगाना. हंटर हंटरमध्ये हिसोका नावाच्या कॅरेक्टरच्या पॉवरची कांजी वाचली तर अर्थ निघतो 'हवं तसं ताणलं जाणारं प्रेम', आणि बाजूला उच्चार छापलाय बंजी गम. त्याच्या दुसऱ्या पॉवरच्या कांजीचा अर्थ 'पातळ खोटं'. म्हणजे कॅरेक्टर तोंडाने एक बोलतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला दुसरं दिसतं. ॲनिमे बघणाऱ्यांना हे कळतच नाही, सॉरी. माय हिरो अकॅडेमिया या दुसऱ्या मांगातल्या तोदोरोकीचं पण तसंच, शोतो या नावात एक कांजी जळण्याची आणि एक गोठण्याची, पॉवर जन्मपत्रिकेतच लिहिलीये.

ऐरोलीचा_नाकामा
बापरे. पण हे डोळ्याने वाचायचं वालं मराठीत कसं करणार, आपल्याकडे कांजीच नाही.

घणसोली_गोकू
कांजी नाही पण आकडे आहेत की. जपानी लोक ५ ला गो आणि ६ ला मु वाचून लुफीचा नंबर ५६ करतात, त्याच्या जहाजावरच्या कुकचा, सांजीचा, बड्डे २ मार्च म्हणजे तिसऱ्या महिन्याची २, सान-जी. आपला छत्तीसचा आकडा त्याच्याही पुढे आहे, ३६ लिहून बघ, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत, इंग्लिश आकड्यात लिही, खलास.

कोपरी_झोरो
ही पॉवर पाहिजे राव. हात लावला की समोरचे दोघं जिगरी दोस्त तिथल्या तिथे पाठ फिरवणार.

पामबीच_सेन्सेई
आणि ६३ म्हणून ओरडलं की परत तोंडाला तोंड. घ्या, विकनेस पण मिळाला.