माळव्याच्या बेसाल्टखाली बघायचं तर एमटी (मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण) हवंच

काही जण म्हणतात की इंदूरच्या बाजूला बेसाल्टखालचे गाळाचे खडक नुसत्या गुरुत्व सर्वेक्षणाने (खडकांच्या घनतेनुसार गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक मोजून) सापडतील. पटत नाही. बेसाल्टची घनता साधारण २.९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, गाळाच्या खडकांची २.४-२.५. पण थराची जाडी आणि खोली एकट्या गुरुत्वातून सुटी होत नाही, त्याच आकड्यांवर अनेक प्रतिकृती बसतात. सिस्मिकमध्ये, म्हणजे जमिनीत कंपनं सोडून त्यांचे प्रतिध्वनी मोजताना, लाव्ह्याचे एकावर एक प्रवाह ऊर्जा विखुरून टाकतात.

मॅग्नेटोटेल्युरिकमध्ये नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजून खालचे खडक किती वीजवाहक आहेत ते काढतात. त्याचं बलस्थान हे की गाळाचे खडक सहसा बेसाल्टपेक्षा चांगले वाहक असतात. खोलीचा हिशेब सोपा: खडकाची विद्युत रोधकता (ओहम-मीटर) गुणिले लहरीचा आवर्तकाल (सेकंद), त्याचं वर्गमूळ, गुणिले ५०३, उत्तर मीटरमध्ये. १०० ओहम-मीटर, १ सेकंद म्हणजे ५ किमी. १०० सेकंद म्हणजे ५० किमी, पृथ्वीच्या कवचाच्या तळाच्याही खाली.

बिघडतं ते जमिनीवर. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, विद्युत क्षेत्र मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा मातीशी संपर्क तुटतो. खड्ड्यात बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) आणि मिठाच्या पाण्याचा चिखल भरायचा, ऊन लागू द्यायचं नाही. चुंबकीय क्षेत्र मोजणारी कॉइल पुरून, पातळीत, वाऱ्याने हलणाऱ्या झाडांपासून लांब. शेतपंप आणि विद्युत रेल्वेचा ५० हर्ट्झचा गोंगाट असतोच. १ हर्ट्झच्या आसपास नैसर्गिक संकेतच क्षीण, म्हणून दहा-वीस किलोमीटर किंवा त्याहून लांब दूरस्थ संदर्भकेंद्र (त्याच वेळी नोंद घेणारं दुसरं केंद्र, ज्याच्याशी ताडून स्थानिक गोंगाट वगळता येतो) आणि निदान एक पूर्ण रात्र नोंद हवी.

आणि स्टॅटिक शिफ्ट विसरू नका! पृष्ठभागाजवळच्या विषमतेने रोधकतेचा अख्खा वक्र वर-खाली सरकतो आणि खोली चुकते. त्याच ठिकाणी टीईएम (जमिनीवरच्या तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह तोडून उथळ रोधकता मोजण्याची पद्धत) घेऊन तो दुरुस्त करा, मग गुरुत्वाच्या आकड्यांशी जोडा.